गाडीचे डोके

‘हेड’ हा शब्द मराठी संसारात पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. शाळेत हेडमास्तर, कचेरीत हेडक्लार्क, चौकीवर हेड कॉन्स्टेबल. या सगळ्यांचा एक गुण समान. सगळे सुरळीत चालले असले, की तो आहे याची कोणाला आठवणही राहत नाही. आणि तो तापला, की सारा कारभार जागच्या जागी थांबतो. मोटारीचे हेडही याच कुळातले. वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाला विचारून पाहा, “काय हो, तुमच्या गाडीचे हेड कोठे असते?” तो बहुधा पुढच्या दिव्यांकडे बोट दाखवील.

वास्तविक हे हेड म्हणजे इंजिनाचे झाकण. खाली बिडाचा ठोकळा, त्यात विहिरींसारखी चार भोके, भोकांत वरखाली पळणारे चार पिस्टन, आणि त्या चारही विहिरींवर पालथे घातलेले एकच लांबट झाकण. पण हे झाकण लाडवांच्या डब्याचे नव्हे. पेट्रोलचा भडका उडतो तो याच्याच पोटात. ताजी हवा आत येते ती याच्यातून, धूर बाहेर जातो तोही याच्यातून. ठिणगीचे प्लग यात, उघडझाप करणारे व्हॉल्व यात. आणि या सगळ्या होमकुंडाच्या भोवती थंड पाणी खेळत असते, तेही याच्यातच. आग, पाणी, तेल आणि वारा हातभर लांबीच्या एका तुकड्यात बिऱ्हाड करून राहतात. मधल्या भिंती बोटाच्या पेराएवढ्याही जाड नसतात. भिंत शाबूत आहे तोवर चौघे सुखाने नांदतात. भिंतीला भेग गेली, की मुंबईच्या चाळीतही कधी झाले नसेल असे भांडण सुरू होते.

आमच्या घरातली गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ साली आली ती ‘११०० डिलाइट’. तीच सोज्वळ चेहऱ्याची मुलगी पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावे बदलली, तरी इंजिन तेच राहिले: १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. नंबर लावल्यावर गाडी दारात यायला वर्षे लागत, त्या काळात माझ्या वडिलांनी ही घेतली. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात तिचे पत्रे दोनदा गंजले आणि दोनदा बदलले. वडील गेले, गाडी राहिली.

ती राहिली याला भावनेपेक्षा भक्कम कारण आहे. माझ्या आईचे वय आज ८३ आहे आणि तिचे गुडघे त्याहून जुने आहेत, असे ती म्हणते. आजकालच्या बुटक्या गाड्यांत बसायचे म्हणजे आधी खड्ड्यात उतरावे लागते, आणि उंच गाड्यांत बसायचे म्हणजे माळ्यावर चढावे लागते. पद्मिनीची बैठक मात्र घरातल्या खुर्चीएवढी. आई दाराशी पाठ करते, बसते आणि पाय आत घेते. कोणाचा हात धरावा लागत नाही. या वयात कोणाचा हात न धरता कोठेतरी जाता येणे ही केवढी चैन आहे, हे ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांना सांगायला नको.

तर गेल्या मार्गशीर्षात आईला अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन आम्ही कोल्हापूरला निघालो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा ही गावे ओळखीच्या माणसांसारखी एकेक करून मागे गेली आणि आंबा घाट सुरू झाला. चढाच्या मध्यावर पंख्याचा पट्टा तुटला. पट्टा महिन्यापूर्वीच नवा घातलेला. पण रबर तुटायचे तेव्हा सांगून तुटत नाही. हा एकच पट्टा पंखाही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. म्हणजे घरातला नळ आणि वारा एकदमच बंद. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा, मागे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. गाडी उभी करण्यापुरती जागा मिळेपर्यंत एक वळण चढून जावेच लागले. तेवढ्यात काट्याने तांबडी रेघ ओलांडली.

मागून येणाऱ्या एस. टी.च्या ड्रायव्हरने आपणहून गाडी थांबवून पाण्याचा कॅन दिला आणि बजावले, “तासभर हात लावू नका, साहेब. झाकणही उघडू नका. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होईल.” त्याचे बरोबर होते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखाली असलेले पाणी उसळून तोंडावर येते, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर धातू तडकतो. आम्ही तास काढला. पण गार झाल्यावर तेलाच्या भोकाचे झाकण काढून पाहिले, तर आत काळ्या तेलाऐवजी नासलेल्या दुधासारखा फेस. पाणी तेलात शिरले होते. चौघांपैकी दोघांमधली भिंत पडली होती.

टेंपोला बांधून गाडी रत्नागिरीला परत आणली. आई एवढेच म्हणाली, “अंबाबाईनं अजून बोलावलं नाही, दुसरं काय?”

घाटात नेमके घडले काय, हे समजायला स्वयंपाकघरातले एक उदाहरण पुरे. ब्लॉक बिडाचा, म्हणजे जुन्या काळच्या जड तव्याच्या जातीचा. हेड अॅल्युमिनियमचे, म्हणजे आपल्या आज्या ज्याला ‘जर्मनचे भांडे’ म्हणत त्या जातीचे. अॅल्युमिनियम हलके आणि उष्णता झटकन वाहून नेणारे, म्हणून हेडाला ते पसंत पडले. पण ते तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हातभर लांबीचे हेड सत्तर अंशांनी तापले, तर ते सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. खालचे बीड त्याच्या निम्मेच. आणि दोघांना तर बोल्टांनी करकचून एकत्र बांधलेले. रोजच्या तापण्यात मधले पातळ पॅकिंग ही ओढाताण सांभाळून घेते. ताप मर्यादेबाहेर गेला, की वाढायला जागा न मिळालेले हेड आपल्याच जागी वाकते. एकत्र कुटुंबातल्या एखाद्या तापट माणसासारखेच. निवल्यावर ते पुन्हा सरळ होत नाही.

आमचे मेस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. पद्मिनी, अँबेसिडर आणि जुन्या जीपा यांच्यावर त्यांचा जन्म गेला. त्यांच्या हाताखालची पोरे मात्र आता स्कूटरीच दुरुस्त करतात. मेस्त्रींनी हेडाचे बोल्ट सैल केले तेही कडेकडून मधे येत, थोडेथोडे, सगळ्यांना सारखा आराम देत. हेड उचलून बाकावर पालथे ठेवले, त्याचा तळ लखलखीत पुसला आणि त्यावर पोलादी पट्टी उभी धरली. मग पट्टीखालून पोलादाची एक पातळ पाती सरकवली. पाती आरपार गेली. त्यांनी दुसरी, जरा जाड पाती घेतली. तीही गेली. माणसाच्या केसाच्या जाडीएवढे अंतर म्हणजे मोटारीच्या जगात दरीच. त्यातून आग पाण्याला भेटते आणि पाणी तेलाला.

“फेसिंग मारायला लागेल ना?” मी विचारले. फेसिंग म्हणजे यंत्रावर हेडाचा तळ रंध्यासारखा तासून पुन्हा सपाट करणे.

मेस्त्री लगेच बोलले नाहीत. त्यांनी व्हर्नियरने हेडाची जाडी चार ठिकाणी मोजली. मग म्हणाले, “दादा, तुमच्या वडिलांची वही आणा बरं.”

ही वही म्हणजे आमच्या घरातले एक पुराण आहे. वडिलांनी गाडीवर झालेला प्रत्येक पैशाचा खर्च तीत तारीखवार लिहिला आहे. पाच रुपयांच्या पंक्चरपासून रंगापर्यंत. त्यात सापडले: १९८६, हेड फेसिंग. १९९७, हेड फेसिंग व व्हॉल्व घासणे. २००१, व्हॉल्वची चारी कडी नवी. या शेवटच्या नोंदीमागेही इतिहास आहे. पूर्वी पेट्रोलात शिसे मिसळत. ते व्हॉल्वच्या बैठकीला वंगणासारखे उपयोगी पडे. पण श्वासावाटे माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, अंगात भिनून घात करी. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, हे उत्तमच झाले. जुन्या गाड्यांना मात्र धुराच्या वाटेवरच्या व्हॉल्वखाली कठीण धातूची कडी बसवून घ्यावी लागली. आणि वहीच्या अखेरीस, वडिलांच्या थरथरत्या अक्षरात, २००९: हेड फेसिंग.

“तीनदा तासलंय,” मेस्त्री म्हणाले. “कोल्हापुरात कोणीही चौथ्यांदा मारून देईल. पण तासायला शिल्लक काय राहिलंय?”

येथे मला प्रथमच कळले, की दुरुस्ती ही फुकट नसते. पैशांविषयी मी बोलत नाही. प्रत्येक फेसिंगमध्ये हेड सपाट होते. पण तेवढेच पातळही होते. गेलेला धातू पुन्हा येत नाही. हेड पातळ झाले, की स्फोटाची पोकळी लहान होते. सिलिंडर २७२ घन सेंटिमीटरचा; त्यातले सारे मिश्रण वरच्या एवढ्याशा पोकळीत दाबून बसवायचे. हेडाचा एक मिलिमीटर गेला, की त्या पोकळीतले दोनतीन घन सेंटिमीटर जातात. दाब वाढतो, उष्णता वाढते, पेट्रोल वेळेआधी पेट घेते आणि चढावर इंजिन खडखडू लागते. ती खडखड म्हणजे पुढच्या वाकण्याची पूर्वसूचना. अशा रीतीने दुरुस्तीच पुढच्या बिघाडाची तयारी करते.

घरात सभा भरली. पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणाले, “बाबा, आता विकून टाका. विजेची गाडी घ्या, तिला हेडच नसतं.” खरे आहे; विजेच्या मोटारीला ना भडका, ना पाणी-तेलाचे भांडण. सौभाग्यवतींचे म्हणणे वेगळे होते. “अहो, विकून येणार किती? मोडीवाला किलोवर नेईल. आणि सासूबाई बसणार कशात?” आई काही बोलली नाही. ती फक्त एवढेच विचारती झाली, की अंबाबाईला बोललेले नवस किती वर्षांपर्यंत चालतात.

शेवटी असे ठरले, की निकाल कोल्हापूरच्या उद्यमनगराकडून घ्यावा. उसाच्या चरकांपासून ऑइल इंजिनांपर्यंत शेतकऱ्याच्या यंत्रांची दुखणी काढता काढता कोल्हापूरने लेथ आणि ओतकाम यांची एक मोठी विद्याच कमावली आहे. हेड पोत्यात बांधून मी ते एस. टी.ने घेऊन गेलो. तेथल्या कारागिराने त्याच्यावर एक लाल पातळ औषध फासले, थोड्या वेळाने स्वच्छ पुसले आणि वर पांढरी भुकटी मारली. मिनिटभरात तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्वांच्या मधोमध एक बारीक लाल रेघ उमटली, कुंकवाच्या काडीने ओढावी तशी. ती भेग. डोळ्याला दिसत नव्हती. पण औषध तिच्यात शिरून बसले होते.

“वेल्डिंग होईल,” तो म्हणाला. “आर्गॉनवर भरून देतो, वर फेसिंग मारतो. हेड दिसायला नवं होईल.”

“पण टिकेल का?”

तो हसला. “घाट चढायचा नसेल, तर टिकेल.”

रत्नागिरीच्या माणसाला घाट न चढता कोल्हापूरला जायचा रस्ता अजून कोणी काढलेला नाही. मी हेड उचलून परत आलो. मेस्त्रींना सांगितले, तर ते म्हणाले, “त्यानं खरं सांगितलं. असा माणूस सोडू नका.” आणि मग म्हणाले, “आता दुसरं डोकंच शोधा.”

पण नवे डोके येणार कोठून? पद्मिनीचे उत्पादन थांबून पाव शतक होत आले. येथे मुंबई धावून आली. एके काळी जिच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा पूर वाहत असे, त्या शहरात शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. पण माणसाने नेत्रदान करावे, तशी या टॅक्सींनी आपली इंद्रिये मागे ठेवली आहेत. माझ्या भाच्याने कुर्ल्याच्या मोडीच्या दुकानांत दोन रविवार घालवून एक हेड मिळवले. जेथे जन्म, तेथेच पुनर्जन्म! चादरीत गुंडाळलेले ते दहाबारा किलोचे बाळ मांडवी एक्स्प्रेसच्या बाकाखाली निजून रत्नागिरीला आले. त्याची किंमत एखाद्या बऱ्या मोबाइल फोनपेक्षाही कमी होती.

मेस्त्रींनी ते आनंदाने स्वीकारले असेल असे मला वाटले. छे! नव्या सुनेची आई घेणार नाही इतकी कसून परीक्षा त्यांनी घेतली. आधी व्हर्नियर. जुन्या हेडापेक्षा हे सव्वा मिलिमीटरने जाड भरले. म्हणजे कोणी कधी तासले नव्हते. मग पाण्याच्या वाटा पाहिल्या. अॅल्युमिनियम आणि बीड एकत्र असले आणि मधे खारट किंवा आंबूस पाणी असले, की अॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. पॅकिंगच्या कडेची भोके झिजून वेडीवाकडी होतात. तीही ठीक निघाली. मग कोल्हापूरला पाठवून हवेच्या दाबाची परीक्षा. हेडाची सगळी दारे बंद करून आत हवा भरली आणि ते गरम पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा कोठे मेस्त्री म्हणाले, “पोरगी खानदानी आहे.”

पुढचे तीन दिवस मी त्यांच्या बाकापाशी बसून होतो. व्हॉल्वच्या कडेला वाळूसारखी पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत धरून ते ती रवीने ताक घुसळावे तशी फिरवीत. आठ व्हॉल्व, आठ बैठका. मग हेड पालथे करून प्रत्येक पोकळीत रॉकेल ओतले आणि चहाला गेलो. परत आलो तो रॉकेल होते तितकेच. नवे पॅकिंग ठेवून हेड बसवले आणि बोल्ट आवळले ते मधून बाहेर जात, उलटसुलट, तीन हप्त्यांत, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. “एकदम आवळलं तर कोपरा उचलतो,” ते म्हणाले. “माणसालाही एकदम आवळू नये.” गाडी थोडी चालवून पूर्ण निवल्यावर बोल्ट पुन्हा तपासले, व्हॉल्वची फट पुन्हा जुळवली. पंपातला रबरी पडदाही त्यांनी बदलला; हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

चैत्रात आईने अंबाबाईची ओटी भरली. घाटात काटा मधल्या खुणेवर स्थिर होता आणि आई स्वतःच्या पायांनी, कोणाचा हात न धरता, गाडीतून उतरली.

या सगळ्या प्रकरणात मी पुष्कळ विचार केला, तो ‘दुरुस्त करावे की बदलावे’ या प्रश्नाचा. आपल्या पिढीला शिकवण अशी, की टाकू नये. जोडावे, शिवावे, कल्हई लावावी. नव्या पिढीची रीत अशी, की बिघडले की बदलावे. दोघेही आपापले म्हणणे तत्त्व म्हणून सांगतात. मेस्त्रींना मात्र तत्त्व नाही, पट्टी आहे. जे मोजून शिल्लक भरते ते ते दुरुस्त करतात, आणि जे भरत नाही त्याला हात लावायचे नाकारतात; मग गिऱ्हाइकाला वाईट वाटो की मजुरी बुडो. जुन्या हेडाला चौथ्यांदा तासून त्यांना पैसे घेता आले असते. वडिलांच्या हातची वस्तू म्हणून मीही ते आनंदाने दिले असते. आणि पुढच्या घाटात, कदाचित रात्री, आई गाडीत असताना, ते पुन्हा वाकले असते. डोके बदलले म्हणून गाडी वाचली. आणि डोके बदलायची वेळ झाली हे सांगणारे एक डोके शाबूत होते, म्हणून ते बदलले गेले. आमच्या मेस्त्रींनंतर रत्नागिरीत हे कोण सांगणार, याची काळजी मला गाडीपेक्षा अधिक वाटते.

जुने हेड मी घरी आणायचे ठरवले होते. वडिलांची आठवण म्हणून ते माडीवर ठेवावे, असा बेत होता. पण मेस्त्रींनी ते मागून घेतले. आठ दिवसांनी सहज गेलो, तर त्यांनी ते करवतीने उभे कापले होते, कलिंगड कापावे तसे. आतल्या पाण्याच्या वाटा, धुराच्या वाटा, ती केसाएवढी भेग, सगळे उघडे पडले होते. आणि स्कूटरी दुरुस्त करणारी दोन पोरे त्याच्यावर वाकून उभी होती. एकाच्या हातात व्हर्नियर होता. मेस्त्री त्याला विचारत होते, “सांग बघू, इथली भिंत किती राहिलीय?”